आवाजावरून

मागच्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, बाबा आतल्या खोलीत पडले होते आणि त्यांचा फोन बाहेर टेबलावर वाजत होता. माझे हात ओले होते, म्हणून एका बोटानं फोन घेतला आणि स्पीकर लावला. नंबर अनोळखी. "हॅलो, मोटर दुरुस्तीवाले ना? पाण्याची मोटर सुरूच होत नाहीय सकाळपासून," पलीकडून एक पुरुष बोलत होता. वाक्य साधं, घाईतलं, थोडं वैतागलेलं. पण 'मोटर'मधल्या 'मो'वर किंचित रेंगाळून मग पुढे सरकायची ती लकब, आणि वाक्य संपल्यावर नाकातून सोडलेला तो बारीक श्वास! टॉवेलकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला. चौदा वर्षांत हा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता, तरी पहिल्या तीन शब्दांत मला कळलं की हा दादा आहे. माझा चुलतभाऊ. मी म्हटलं, "राँग नंबर." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "बरं. माफ करा हं." आणि फोन बंद झाला.

आतून बाबांनी विचारलं, "कोण गं?" मी पुन्हा म्हटलं, "राँग नंबर." दुसऱ्यांदा ते दोन शब्द जास्त जड गेले.

त्या रात्री झोप लागेना. मी दादाला ओळखलं याचं नवल वाटत नव्हतं. बोचत होतं ते वेगळंच. ओळखल्याबरोबर, विचार करायच्या आधी, माझं तोंड मिटलं होतं. कुणी बजावलं नव्हतं, कुणी समोर उभं नव्हतं. कानांनी माणूस ओळखला आणि त्याच क्षणी आतून कुणीतरी दार लावून घेतलं. असं दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं मी वाचलंय, हे मनात घोळत राहिलं आणि पहाटेच्या सुमारास आठवलं. टिबल्ट. कॉलेजात असताना शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' अभ्यासाला होतं, तेव्हाचं पुस्तक कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडलं. पानं पिवळी पडलेली, समासात माझ्याच तेव्हाच्या गोल अक्षरातल्या नोंदी. त्या काळात मी फक्त वरच्या खिडकीचा प्रवेश पुन्हापुन्हा वाचत असे. बाकीचं परीक्षेपुरतं. टिबल्टच्या त्या ओळीखाली रेघसुद्धा मारलेली नव्हती.

पहिल्या अंकातली मेजवानी. व्हेरोनातल्या दोन वैरी घराण्यांपैकी रोमिओ माँटेग्यूंचा; मुखवटा चढवून तो शत्रूच्या, कॅप्युलेटांच्या घरात शिरला आहे. ज्युलिएट त्याला प्रथमच दिसते आणि तो स्वतःशीच बोलू लागतो: उजळायचं कसं हे मशालींनी हिच्याकडून शिकावं, कावळ्यांच्या थव्यात एखादं पांढरंशुभ्र कबूतर दिसावं तशी ही इतर मुलींत दिसते, आजच्या आधी मी कधी सौंदर्य पाहिलंच नव्हतं. हे शब्द ज्युलिएटच्या नात्यातल्या टिबल्टच्या कानावर पडतात. तो म्हणतो, आवाजावरून हा माँटेग्यू असणार. पोरा, माझी तलवार आण. त्या क्षणी सबंध नाटकातली सगळ्यात कोवळी गोष्ट बोलली जात होती आणि टिबल्टला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याला फक्त आडनाव ऐकू आलं.

आणि त्याला तो आवाज ओळखू कसा आला? याचं उत्तर नाटकात नाही. संगीत चालू आहे, नाच चालू आहे, माणसांची गर्दी आहे, चेहरा झाकलेला आहे. अशा गोंगाटात एखाद्याचा आवाज वेगळा काढायचा म्हणजे तो आधी कितीतरी वेळा ऐकलेला असला पाहिजे. रस्त्यात, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, भिंतीपलीकडून. एकमेकांतून विस्तव जात नाही अशी दोन घरं एकमेकांना किती निरखून ओळखत असतात, हे त्यातून गेलेल्यालाच कळतं. या चौदा वर्षांत आम्ही दादाच्या घरातलं काय ऐकलं नाही? त्याची नोकरी बदलली ते, मुलीला कितवा नंबर मिळाला ते, काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते. एखाद्या समारंभात ती माणसं आली असतील तर मान न वळवता आम्हाला कळायचं की ती दारापाशी आहेत की उजवीकडच्या रांगेत. मैत्रिणींची घरं मी विसरले, शिक्षकांचे चेहरे विसरले. ज्यांच्याशी बोलायचं नव्हतं त्यांतलं कुणी विसरले नाही. विसरू दिलंच नाही.

त्याच रात्री, तासा-दोन तासांनी, ज्युलिएट खिडकीत उभी आहे आणि खाली बागेतल्या अंधारात कुणीतरी बोलतं. ती म्हणते, या जिभेचे शंभर शब्दही माझ्या कानांनी अजून प्यायलेले नाहीत, तरी हा आवाज मी ओळखते. तू रोमिओ ना, आणि माँटेग्यू? इथे मी वाचता वाचता थांबले. एकाच घरातली दोन माणसं एकाच रात्री एकच आवाज न बघता ओळखतात. एक तलवार मागवतो, दुसरी जीव टाकते. आणि दोघांच्याही ओळखीत तेच आडनाव येतं. तेवढ्यापुरते टिबल्टचे आणि ज्युलिएटचे कान सारखेच आहेत.

इंग्रजीत हे सगळे एकमेकांचे 'कझिन' असतात, त्यामुळे नातं नीट कळत नाही. पण लेडी कॅप्युलेट टिबल्टच्या प्रेतापाशी 'माझ्या भावाचं लेकरू' म्हणून हंबरडा फोडते. म्हणजे आपल्या भाषेत तो ज्युलिएटचा मामेभाऊ. त्याच्या अंगात कॅप्युलेटांचं रक्त या नात्यानं आलेलंच नाही; तो त्या घरच्या सुनेच्या माहेरचा. आणि नाटकात सगळ्यात कडवा कॅप्युलेट तोच आहे. म्हातारा कॅप्युलेट तर मेजवानीत त्याला दटावतो: असू दे रोमिओ इथे, सारं गाव त्या पोराला सुशील म्हणतं, माझ्या घरात त्याचा अपमान व्हायचा नाही. त्याआधी ज्युलिएटला मागणी घालायला आलेल्या पॅरिसशी बोलताना तो म्हणून गेलाय की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांत राहणं काही फार अवघड नाही. ज्यांचं भांडण, ते थकले आहेत. पण नोकर थकलेले नाहीत, भाचे थकलेले नाहीत. नाटक उघडतं तेच दोन नोकरांवर. मालकाच्या शत्रूचे नोकर समोरून येताना दिसतात तसा एक जण अंगठा चावून दाखवतो, ती तिकडची चिथावणी. आणि 'आम्हाला बघून अंगठा चावलास का' असं विचारल्यावर आधी सोबत्याला हळूच विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूनं राहील का? त्या बिचाऱ्याचं माँटेग्यूंशी काय वाकडं होतं? पण घरच्या भांडणात उतरलं की माणूस घरचा होतो, आणि हे मी लहान वयात नाही, चांगली कळत्या वयात शिकले. आई रागावलेली असताना मी काकूंबद्दल एक वाईट वाक्य बोलले होते. खरं नव्हतं ते. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजून जाणवतो.

भांडण कशावरून? प्रस्तावनेच्या सुनीतात फक्त 'जुनं वैर' एवढंच येतं. पुढे व्हेरोनाचा राजा, प्रिन्स एस्कलस, भर रस्त्यात दोन्ही म्हाताऱ्यांना झापतो तेव्हा एक धागा हाताशी लागतो: एका हवेतल्या शब्दातून जन्मलेल्या तुमच्या तीन दंगलींनी या गावाची शांतता मोडली आहे. हवेतला शब्द. कुणीतरी कुणालातरी काहीतरी बोललं, वाऱ्यावर गेलं, आणि त्यातून तीनदा रस्ते लाल झाले. शब्द कोणता ते शेक्सपिअर सांगत नाही. मला वाटतं, सांगितला असता तर वाचणाऱ्यांनी लगेच न्याय करायला घेतला असता, चूक कुणाची म्हणून.

या दोन आडनावांचीही एक विलक्षण कहाणी आहे. शेक्सपिअरच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी इटालियन कवी डान्टेनं आपल्या महाकाव्यातल्या 'पर्गेतोरिओ' या भागाच्या सहाव्या सर्गात सम्राटाला हाक मारली आहे: ये, बघ ते मोंतेक्की आणि कापेल्लेत्ती, काही आधीच रडवेले, काही भयानं ग्रासलेले. इटलीतल्या गटबाजीनं माणसांची काय दशा केली ते सांगताना त्यानं ही दोन नावं शेजारी ठेवली. मोंतेक्की हा व्हेरोनातला गट. कापेल्लेत्ती मात्र क्रेमोना या दुसऱ्याच शहरातले, असं अभ्यासक मानतात. म्हणजे व्हेरोनाच्या रस्त्यांत समोरासमोर येऊन त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर तलवारी उपसल्या असतील, असं धरायला काही आधार नाही. एका ओळीत दोन नावं शेजारी आली, पुढच्या लोकांनी ती एकमेकांची वैरी म्हणून वाचली, आणि त्या वाचनातून एक सबंध हाडवैर उभं राहिलं. डान्टे स्वतः गटबाजीमुळेच फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला होता आणि व्हेरोनानं त्याला आसरा दिला होता. हद्दपारी म्हणजे काय, हे टिबल्टला मारल्याबद्दल हद्दपार झालेल्या रोमिओला नाटकात रडून सांगावं लागतं. ती नावं पहिल्यांदा कवितेत लिहिणाऱ्याला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्याकडचा शब्द जिन्यावर बोलला गेला.

वाटणीचे कागद झाले त्या दिवशी काका जिन्यात वर उभे होते, बाबा खाली, आणि काका काहीतरी बोलले. मी तिथे नव्हते. पण त्या प्रसंगाची मी ऐकलेली सगळी रूपं मोजली तर सात-आठ भरतील. आईच्या पहिल्या सांगण्यात जिन्यावर तिघंच होते: काका, बाबा आणि दारात काकू. वर्षभरानं त्यात शेजारी आले. आणखी काही वर्षांनी सबंध गल्लीनं ते ऐकलेलं होतं. दर वेळी काका एकेक पायरी वर चढत गेले आणि बाबा एकेक पायरी खाली. आईनं कधी जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तिला प्रत्येक वेळी तसंच दिसत असणार. लेडी कॅप्युलेट टिबल्टच्या मृत्यूनंतर प्रिन्सपुढे उभी राहून म्हणते, वीसेक जण तुटून पडले होते त्याच्यावर, आणि वीस जणांना मिळून एकच जीव घेता आला. प्रेक्षकांनी थोड्या वेळापूर्वीच तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे एकटा रोमिओ होता. पण त्या बाईला वीस दिसतात, आणि दुःखानं डोळे भरलेले असताना एकाचे वीस दिसणं, यावर मी तरी तिला हसू शकत नाही. याच बाईनं पुढे मुलीसमोर म्हटलंय की हद्दपार रोमिओ राहतो त्या मँटुआ शहरात माझा माणूस आहे, त्याच्याकरवी रोमिओला विष घालीन. त्या विषाची गरज पडली नाही. त्याच मँटुआत रोमिओनं चाळीस डकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, मोजून स्वतःच विष घेतलं.

सूडाचा खरा प्रवेश तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा. दुपारची वेळ, अंगाची लाही करणारं ऊन, आणि रोमिओचा चुलतभाऊ बेन्व्होलिओ म्हणतो, चल घरी जाऊ, अशा दिवसांत रक्त पिसाळतं. रोमिओचं लग्न होऊन एक तास झालाय. टिबल्ट त्याला नीच म्हणतो आणि रोमिओ उत्तर देतो, तुला कल्पना नाही इतकं माझं तुझ्यावर प्रेम आहे. बरोबरच आहे, टिबल्ट आता त्याचा मेहुणा झालाय. पण ते नातं फक्त त्याला ठाऊक आहे. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, त्याला ते मऊ बोलणं म्हणजे निव्वळ नामुष्की वाटते आणि तो तलवार उपसतो. रोमिओ दोघांच्या मध्ये पडतो, टिबल्ट त्याच्या हाताखालून वार करतो. मर्क्युशिओ मरता मरता विचारतो, तू मध्ये का आलास, तुझ्या हाताखालून लागलं मला. रोमिओ म्हणतो, मला वाटलं सगळ्यांचं भलं होईल. या एवढ्याशा वाक्यापाशी मला दर वेळी रडू येतं. मर्क्युशिओ ना या घरचा, ना त्या घरचा. तो प्रिन्सचा नातलग. कॅप्युलेटच्या मेजवानीच्या यादीत त्याचं नावसुद्धा होतं.

मग टिबल्ट परत येतो, आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. दर वाचनात, पुढे काय होणार हे पूर्ण माहीत असूनही, मला रोमिओनं त्याला मारावं असं वाटतं. अगदी मनापासून, मुठी वळून वाटतं. रोमिओ म्हणतो, जा रे सबुरी, परत आकाशात जा. आणि माझ्या आतलं काहीतरी हो म्हणतं. दोन पानांपूर्वी मीच तर त्याच्या सबुरीवर जीव लावून बसले होते. सूड वाईट हे मला पुस्तकानं शिकवायला नको होतं, पण सूड गोड असतो, त्या क्षणी तो न्यायासारखाच दिसतो, अगदी तोच चेहरा घेऊन येतो, हे या प्रवेशात अंगावर येतं. टिबल्ट पडतो आणि रोमिओ भानावर येतो. नशिबानं माझं खेळणं केलं, तो म्हणतो. कॉलेजात मी या ओळीशेजारी 'नियती' असं लिहून ठेवलं होतं. परवा पेन्सिलनं तो शब्द खोडला. त्या दुपारी तलवार नियतीच्या हातात नव्हती.

आर्थर ब्रुकची इंग्रजी कविता, जिच्यावरून शेक्सपिअरनं हे नाटक रचलं, १५६२ मध्ये छापली गेली. तिच्यात हीच कथा महिनोन्‌महिने चालते. लग्नानंतर त्या दोघांना बऱ्यापैकी दिवस मिळतात. शेक्सपिअरनं सगळं रविवार सकाळ ते गुरुवारची पहाट इतक्यात कोंबलं. ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची, याची चौदासुद्धा पूर्ण झालेली नाही. मला वाटतं, वैराचा काळ आणि प्रेमाचा काळ त्याला असे शेजारी ठेवायचे होते. एक इतका जुना की त्याचं कारण कुणाला सांगता येत नाही, दुसरा चार दिवसांचा. आणि मर्क्युशिओचा तळतळाट, तुमच्या दोन्ही घरांवर प्लेग येवो, तोही कुठल्या वळणानं खरा होतो! फ्रायर जॉन हा भिक्षू मँटुआतल्या रोमिओकडे पत्र घेऊन निघतो, प्लेगचा संशय असलेल्या घरात सापडतो, पहारेकरी दारं बंद करून टाकतात आणि पत्र व्हेरोनातच राहतं. १५९२ ते १५९४ या काळात लंडनमधली नाट्यगृहं प्लेगमुळे बराच काळ बंद होती. नाटक त्यानंतर थोड्याच दिवसांत आलं. बाहेरून बंद केलेलं दार म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नसेल.

या कथेच्या मागे एका खऱ्या माणसाचा घसा आहे, आणि दादाच्या फोननंतर मला सारखा तोच आठवतोय. लुइजी दा पोर्तो हा विचेन्झाचा सरदारपुत्र, व्हेनिसच्या घोडदळात होता. व्हेरोना, रोमिओ, जुलिएत्ता, मोंतेक्की आणि कापेल्लेत्ती हे सगळं एका गोष्टीत गुंफणारा तो पहिला. तो फ्रिउली प्रांतात तैनात असताना, २७ फेब्रुवारी १५११ या कार्निव्हलच्या दिवशी, उदिने शहरात सरदार घराण्यांचं जुनं वैर फुटलं. आंतोनिओ साव्होर्न्यानच्या माणसांनी विरोधी घराण्यांचे वाडे लुटले, जाळले, माणसं कापली. कार्निव्हलचे मुखवटे आणि मेलेल्यांचे कपडे घालून लोक नाचले म्हणतात. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या आंतोनिओचाही सूडापोटी खून झाला, डोंगरापलीकडे फिलाख गावात. काही अभ्यासक असं मानतात की त्या कत्तलीच्या आदल्याच रात्री, साव्होर्न्यानांच्या वाड्यात मुखवट्यांचा नाच होता तेव्हा, त्याच घराण्यातल्या लुचिना नावाच्या मुलीला गाताना ऐकून दा पोर्तो तिच्या प्रेमात पडला. त्याच उन्हाळ्यात लढाईत त्याच्या मानेवर घाव बसला आणि शरीर लुळं पडलं. लुचिनाचं लग्न दुसऱ्याशी झालं. दा पोर्तोनं ही गोष्ट लिहिली, ती लुचिनालाच अर्पण केली, आणि सुरुवातीला म्हटलं की ही मी घोड्यावरून जाताना एका व्हेरोनाच्या तिरंदाजाकडून ऐकली. १५२९ मध्ये तो वारला. गोष्ट छापून आली ती त्यानंतर, १५३० च्या सुमारास. त्या रात्रीच्या गाण्याचं खरं-खोटं मला ठरवता येणार नाही. पण हालचाल हरवलेला एक माणूस पडल्या पडल्या मुखवट्यांच्या नाचाची, एका आवाजाची आणि दुसऱ्या दिवशीच्या रक्ताची गोष्ट रचतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दादाचा आवाज फुटला त्या वर्षी मी त्याची नक्कल करायचे. जुन्या घरातल्या त्याच जिन्यावर बसून. दिवे गेले की तो आम्हा सगळ्यांना गोष्टी सांगायचा आणि राक्षसाच्या वाक्याला त्याचा आवाज मध्येच चिरकायचा. मी हसत सुटायचे, तो मारायला धावायचा. मग काकू खालून ओरडायच्या, पडाल रे जिन्यावरून. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. आम्हाला ते कळलं तिसऱ्याच कुणाकडून, दुसऱ्याच कसल्यातरी बोलण्याच्या ओघात, एका वाक्यात. नाटकाच्या अगदी शेवटी, थडग्यापाशी सगळे जमलेले असताना, म्हातारा माँटेग्यू येतो आणि म्हणतो, महाराज, माझी बायको आज रात्री गेली. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखानं तिचा श्वास थांबला. बस्स. पुढच्या ओळीत नाटक तिला विसरतं. पहिल्या अंकात भांडणाकडे धावत सुटलेल्या नवऱ्याला तिनं हातानं धरून ठेवलं होतं, एक पाऊल पुढे टाकू देणार नाही म्हणाली होती. त्या ओळीपाशी पोचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या दिवशी, आम्हाला ते एका वाक्यात कळलं तेव्हा, बाबा म्हणाले होते, "हं." आणि दिवसभर जेवले नव्हते. गेलो मात्र नाही.

भाऊबंदकी. आपल्या भाषेत भांडणासाठी हा शब्द आहे. पोटात सगळं नातं भरलेलं, भाऊ आहे, बंधू आहे, आणि अर्थ मात्र वैराचा. नाटकाच्या शेवटी कॅप्युलेट माँटेग्यूला पहिल्यांदाच 'भावा' अशी हाक मारतो: भावा माँटेग्यू, दे तुझा हात, माझ्या मुलीला सासरकडून मिळायचं ते हेच, याहून जास्त मी मागू शकत नाही. आणि माँटेग्यू लगेच म्हणतो, पण मी याहून जास्त देऊ शकतो, तुझ्या मुलीचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. मग कॅप्युलेट म्हणतो, तिच्या शेजारी रोमिओही तितकाच श्रीमंत पहुडेल. पोरांची शरीरं अजून तिथेच पडलेली आहेत आणि हे दोघं देण्यातसुद्धा एकमेकांच्या मागे राहायला तयार नाहीत. वाचताना आधी मला त्यांचा संताप यायचा. आता येत नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकमेकांशी बोलायची दुसरी रीतच उरलेली नसणार. व्हेरोनात ज्युलिएटचं म्हणून दाखवतात त्या घराच्या अंगणात आज तिचा पुतळा आहे. सोन्याचा नाही, ब्राँझचा, आणि एकटीचाच.

पुस्तक संपवलं त्या सकाळी मला फोनमधला तो क्षण पुन्हा ऐकू आला. माझ्या 'राँग नंबर'नंतरची ती शांतता. चुकीचा नंबर लागला की माणूस लगेच फोन ठेवतो. दादा थांबला होता. ज्युलिएटला शंभर शब्दसुद्धा लागले नाहीत. मी दोनच बोलले होते, पण जिन्यावर बसून लहानपणभर त्यानं माझं ऐकलंय. आणि मग तो म्हणाला, माफ करा हं. त्या जिन्यावरच्या दिवसापासून दोन्ही घरं बरोबर याच शब्दांची वाट बघत बसली होती, आधी त्यांनी म्हणावं, आधी त्यांनी. 'करा' म्हणाला तो मला. कधीकाळी माझी वेणी ओढणारा माणूस मला 'करा' म्हणाला.

त्या दिवशी बाबांना चहा द्यायला गेले. ते खिडकीशी बसले होते, पेपर मांडीवर, वाचत नव्हते. मी कप ठेवला आणि वळले, तेवढ्यात ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मोटर झाली असेल का दुरुस्त?"

मी काहीच बोलले नाही. स्पीकर चालू होता, आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

"मी बसवलीय ती मोटर," बाबा म्हणाले. "तिथे बटणाशेजारी भिंतीवर पेन्सिलनं माझा नंबर लिहून ठेवला होता. नुसताच नंबर, नाव नाही. बिघडली की फोन करा म्हणून." त्यांनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. "अजून पुसला नाहीय म्हणजे."